वर्तमानपत्राच्या कव्हरातलं पुस्तक

ताई, नमस्कार. मी ६१ वर्षांचा आहे. बेस्टमध्ये ३३ वर्षं कंडक्टर होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. घरात मी, बायको, मुलगा, सून आणि सातवीतली नात. दोन वर्षांपूर्वी नात तापाने पडली होती. तिला वाचून दाखवायचं म्हणून तिचं जादूच्या शाळेचं पुस्तक हातात घेतलं. ती झोपून गेली आणि मी वाचतच राहिलो. तेव्हापासून नाद लागला. चेटकिणी, ड्रॅगन, बुटके, त्या अंगठीची गोष्ट, मिळेल ते वाचतो. शनिवारी रात्री आम्ही आजोबा-नात टीव्हीवर तसलेच सिनेमे बघतो. लहानपणी चांदोबा असाच वाचायचो. मला दुसरं काही नको असतं. दुपारी खिडकीजवळची खुर्ची, पुस्तक आणि चार वाजता चहा-खारी. पण मुलगा म्हणतो, बाबा, लोक हसतील. कट्ट्यावरचे मित्र म्हणतात, याला दुसरं बालपण आलं. बायको म्हणते, या वयात हरिपाठ वाचायचा सोडून कसली जादूटोण्याची पुस्तकं घेऊन बसता. मी पुस्तक उघडलं की स्वयंपाकघरातली भांडी जोरात वाजायला लागतात. धाकटा भाऊ चारधाम करून आला, मला मात्र कुठे जावंसंच वाटत नाही. हल्ली पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालतो, म्हणजे कुणी विचारत नाही. मी जगापासून तोंड लपवतोय का? हे सोडून द्यावं का?

— एक निवृत्त कंडक्टर, विक्रोळी

दादा, नमस्कार.

सोडू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तापातली नात आणि तिच्या उशाशी बसलेले तुम्ही डोळ्यांसमोर आलात. दुसऱ्यांदा मात्र एका वाक्याशी अडले. त्या वाक्यावर मला पुष्कळ बोलायचं आहे, पण ते जरा पुढे. आधी लोक काय म्हणतात ते बघू.

चारधामचं काय ते लगेच सांगते. तुम्ही ३३ वर्षं रोज मुंबई पालथी घातलीत. उभ्यानं, गर्दीत, खांद्याला पैशांची बॅग अडकवून. पाणी तुंबलं की बस जागच्या जागी आणि आतल्या वैतागलेल्या माणसांची समजूत काढणारे तुम्ही एकटे. सुट्ट्या पैशांवरून रोज कुणाशी ना कुणाशी वाद, आणि ड्यूटी संपली तरी हिशेब जुळेपर्यंत डेपोतून सुटका नाही. इतकी वर्षं माणसांच्या लोंढ्यात काढल्यावर खिडकीजवळ एकटं बसावंसं वाटलं, तर त्याला कुणी आळस म्हणू नये. भावाला चारधामात आनंद मिळाला, फार चांगलं झालं. त्यांच्या पायांना फिरायचं होतं, तुमच्या पायांना टेकायचं आहे.

राहता राहिला तो ‘दुसरं बालपण’ हा टोमणा. अद्भुत गोष्टी म्हणजे पोरांचा खाऊ, ही समजूत कट्ट्यावरच्या मंडळींची असेल, आपल्या परंपरेची नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितलेत. त्यात शृंगार, करुण, वीर यांच्या पंगतीला अद्भुतही बसलेला आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव मानलेला आहे. चांदोबातला तुमचा विक्रम राजा आठवा. झाडावरून प्रेत उतरवायचं, खांद्यावर टाकायचं, वेताळानं गोष्ट सांगायची, राजानं तोंड उघडलं की प्रेत पुन्हा झाडावर. त्या वेताळाच्या पंचवीस गोष्टी सोमदेवाच्या कथासरित्सागरातही आहेत. अकराव्या शतकात काश्मिरात त्यानं हा एवढा थोरला ग्रंथ रचला, तो कुठल्या राजपुत्राला झोपवायला नाही. अनंत राजाच्या राणीसाठी, सूर्यमतीसाठी रचला, तिच्या मनाला विरंगुळा म्हणून. राज्यकारभार आणि राजघराण्यातली बाप-लेकाची तेढ, दोन्ही पाहिलेली ती जाणती बाई होती. तिला बोलणारं प्रेत चाललं, तर तुम्हाला ड्रॅगन का चालू नये?

आणि ती अंगठीची गोष्ट लिहिणारे टॉल्किन. ऑक्सफर्डला प्राध्यापक होते, त्याआधी पहिल्या महायुद्धात १९१६ साली सोमच्या लढाईत खंदकात होते. त्या मोठ्या कादंबरीचा, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड १९५४ साली बाहेर आला, तेव्हा त्यांचं वय होतं ६२. म्हणजे तुमच्याहून एका वर्षानं थोरले. अशा गोष्टी वाचणं म्हणजे पळ काढणं, असं त्यांनाही लोक ऐकवायचे. त्यावर त्यांचं म्हणणं असं होतं की तुरुंगात पडलेल्या माणसानं भिंती आणि पहारेकरी सोडून दुसऱ्या कशाचा विचार केला, तर त्यात त्याचा काय दोष? रणातून पळालेला शिपाई आणि कोठडीतून बाहेरचं आभाळ आठवणारा कैदी या दोघांना एकाच तागडीत तोलू नका. मला हे फार पटतं. पटण्याचं कारण मात्र पुस्तकातलं नाही, आमच्या घरातलं आहे.

मी परळची. वडील गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पहिले काही महिने सभा, मोर्चे, घोषणा. मग चाळीतल्या एकेका खोलीला कुलूप लागायला लागलं. कुणी कोकणात गेलं, कुणी घाटावर. आम्हाला गावी जमीन नव्हती, त्यामुळे आम्ही परळलाच राहिलो. आई दादरच्या एका पोळीभाजी केंद्राला पोळ्या करून द्यायची, रोज शंभर-सव्वाशे. वडील सकाळी हंगामी काम शोधायला निघायचे आणि बहुतेक दिवशी दुपारी हात हलवत परत यायचे. येताना लायब्ररीतून पुस्तक आणायचे. मला आठवतं ते नाथमाधवांचं ‘वीरधवल’. जाड, पुठ्ठा सुटत आलेलं, आतली पानं पिवळी पडलेली. १९१३ सालची कादंबरी, म्हणजे वडिलांच्याही जन्माच्या कितीतरी आधीची. तलवारी, भुयारं, कपटी माणसं, हरवलेला वारस. दहा बाय बाराच्या खोलीत वडील भिंतीला टेकून ते वाचत बसायचे.

आणि आईची भांडी वाजायला लागायची.

म्हणून तुमच्या पत्रातलं ते वाक्य मला नुसतं वाचता आलं नाही, ते मला ऐकू आलं. आईला वीरधवलचा राग नव्हता. तिच्या हाताला उसंत नव्हती, कणीक तिंबून मनगटं भरून यायची आणि समोर एक माणूस पान उलटत होता. त्या माणसाच्या पोटातही काय कालवत असेल हे तिला ठाऊक होतं, म्हणून तोंडानं काही बोलायची नाही. बोलायची ती पातेली.

एका दुपारी वडिलांनी पाट ओढला आणि पुस्तक घेऊन स्टोव्हपाशी येऊन बसले. “ऐक,” म्हणाले, आणि मोठ्यानं वाचायला लागले. रॉकेलच्या स्टोव्हचा आवाज एवढा, की त्यांना जवळजवळ ओरडूनच वाचावं लागायचं. दोन दिवसांत शेजारच्या काकू दारात येऊन बसायला लागल्या, निवडायचे तांदूळ घेऊन. गोष्ट ऐन रंगात आली की आईचा हात थबकायचा, तव्यावरची पोळी उलटायची राहायची आणि करपल्याचा वास सुटायचा. करपलेली पोळी केंद्रवाला घेत नसे. मग त्यांचं असं ठरलं की आईनं लाटायचं, वडिलांनी एका हातात पुस्तक धरायचं आणि दुसऱ्या हातानं पोळी उलटायची. त्या प्रतीवर पिठाची बोटं उमटली होती. परत करायच्या आदल्या दिवशी मी फडक्यानं पुसून काढायचे, तरी काही पानांवर ती राहिलीच.

संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरणी गेली. वडिलांनी पुढे पुष्कळ ठिकाणी पडेल ती कामं केली. रोज सकाळी ते बाहेर पडत होते, रोज नकार घेऊन परत येत होते. दुपारचा एक तास ते भुयारातून आणि तटावरून फिरून आले, म्हणून त्यांना पळपुटा म्हणायचं? उलट मला वाटतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चपला घालायचं बळ त्यांना त्या तासातून मिळत होतं. नाथमाधवांची स्वतःची कहाणीही अशीच आहे. मुंबईत जन्मलेला हा माणूस, तरुणपणी शिकारीला गेला असताना सिंहगडाच्या कड्यावरून कोसळला आणि कमरेखाली कायमचा अधू झाला. अंथरुणाला खिळल्यावर वाचनाचा नाद लागला आणि वाचता वाचता लिहायला लागले. ज्यांना स्वतःला पाऊल टाकता येत नव्हतं, त्यांनी अर्ध्या महाराष्ट्राला घोड्यावर बसवलं. वडिलांना हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. मला मोठेपणी कळलं तेव्हा मी ती पिठाची बोटं आठवून रडले होते.

तर दादा, जगापासून तोंड लपवायचा प्रश्न मला तुमच्या बाबतीत पडतच नाही. औषधं वेळेवर घेताय, घरच्यांशी बोलताय, नातीचा अभ्यास, लाइटबिल, दळण यातलं काही पुस्तकापायी अडत नाही ना? पुस्तक मिटल्यावर माणसं नकोशी होत नाहीत ना? मग झालं. पुस्तकापायी जेवणखाण चुकायला लागलं, कुणी हाक मारली की चिडचिड व्हायला लागली, तर मात्र मला पुन्हा लिहा.

आता वहिनींबद्दल. हे जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

तुम्ही निवृत्त झालात, वहिनी झाल्या का? तुमची पहाटेची पहिली गाडी असायची तेव्हा डबा करायला त्या तुमच्याआधी उठत असणार. रात्री शेवटची फेरी करून तुम्ही यायचात तेव्हा ताट झाकून त्या जाग्या असणार. त्या सगळ्या वर्षांत त्यांची ड्यूटी तुमच्या ड्यूटीला जोडलेली होती. तीन वर्षांपूर्वी तुम्हाला डेपोत नारळ-शाल मिळाली, घरी पेढे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी कोण उभं होतं? सून नोकरी करते की घरी असते हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पाच माणसांचं घर आहे, कामाला तोटा नसणार. आणि पत्रात तुम्ही किती सहज लिहून गेलात, ‘चार वाजता चहा-खारी’. तो चहा कोण करतं, दादा?

ड्रॅगनच्या जागी तुम्ही ज्ञानेश्वरी घेऊन बसलात तरी त्या भांड्यांचा आवाज कमी होईल असं मला वाटत नाही. आवाज पुस्तकाचा नाहीच. तुमच्या वाट्याला दुपार आली, त्यांच्या वाट्याला आली नाही, त्याचा तो आवाज आहे. हरिपाठाचं नाव त्या घेतात, कारण ‘मी थकले’ असं म्हणायची आपल्या घरांतल्या बायकांना सवय नसते. देवाचं नाव पुढे केलं की आपलं दुखणं बोलून दाखवावं लागत नाही.

म्हणून चार वाजताचा चहा उद्यापासून तुम्ही करा. एक दिवस कौतुकानं केला आणि सोडला असं नको, रोज करा. आलं किसून टाका, दोन कप घेऊन या, त्यांना खिडकीजवळच्या त्या खुर्चीवर बसवा आणि तुम्ही दुसरीकडे टेका. त्या घरात वाऱ्याची, उजेडाची अशी ती एकच जागा असेल तर ती दुपारभर एकट्याच्या नावावर असू नये. संध्याकाळची भाजी आणणं आणि निवडणं हेही तुमच्याकडे घ्या. ३३ वर्षं ज्यांनी चालत्या बसमध्ये तोल सांभाळून सुट्टे मोजले, त्यांना गवारीच्या शिरा काढणं जड जाणार नाही. आणि मग, आठ-पंधरा दिवसांनी, सहज विचारा की तुला दुपारी काय करावंसं वाटतं? उत्तर चटकन येणार नाही. कदाचित ‘मला काय करायचंय’ असं म्हणतील. ते उत्तर खरं धरू नका. कुणाला नुसतं आडवं पडायचं असतं, कुणाला बहिणीला फोन लावून तासभर बोलायचं असतं, कुणाला कॉलनीतल्या भजनी मंडळात जायचं असतं आणि आजवर कुणी ‘जा’ म्हटलेलं नसतं. त्यांना जे हवं असेल त्याला वेळ निघू दे. त्यांना तुमच्या पुस्तकाची गोडी लावायला जाऊ नका. लागायची तर आपोआप लागेल.

एक वाट मात्र सुचवते. तुमच्या नातीच्या त्या जादूच्या शाळेच्या पुस्तकाचं मराठीतलं नाव आहे ‘हॅरी पॉटर आणि परीस’. मला हे नाव फार आवडतं. तिकडच्या त्या जादूच्या दगडासाठी मराठीला नवा शब्द पाडावा लागला नाही, आपल्याकडे तो घरचाच होता. वहिनी हरिपाठ म्हणणाऱ्या आहेत, तर परिसा भागवताची गोष्ट त्यांना ठाऊक असणारच. रुक्मिणीकडून मिळालेला परीस, तो नामदेवांच्या घरी येतो काय, नामदेव तो उचलून चंद्रभागेत टाकून देतात काय, आणि परिसा भागवत रडत-भांडत आल्यावर नदीतून ओंजळभर खडे काढून दाखवतात, तर ते सगळेच परीस! एखाद्या शनिवारी सिनेमा लावण्याआधी नातीला आजीकडून ही गोष्ट सांगायला लावा. तुम्ही मध्ये बोलू नका, एखादा तपशील चुकला तरी दुरुस्त करू नका. जादूटोणा म्हणजे काय आणि अद्भुत म्हणजे काय, यावर घरात मग भांडण उरणार नाही, असा माझा अंदाज आहे. आणि संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून हरिपाठ म्हणावासा वाटला तर जरूर म्हणा. मनापासून म्हणणार असाल तरच. दुपारी ड्रॅगन आणि तिन्हीसांजेला ज्ञानोबा, हे एकाच दिवसात आरामात बसतं.

सिनेमाचंही थोडं सांगते, कारण त्यात तुम्ही नातीला पुष्कळ देऊ शकता. तिला वाटत असेल, हे आकाशात उडणं वगैरे सगळं परदेशातून आलं. तिला सांगा, ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनमध्ये फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र लागला, त्या दादासाहेब फाळक्यांना जादूचे प्रयोग करता येत होते. पुढे १९१७ ला लंकादहन आणि १९१९ ला कालिया मर्दन केला, त्यात बाळकृष्ण झाली होती त्यांची स्वतःची लेक मंदाकिनी. आणि मुंबईच्या स्टुडिओंत काम केलेले बाबूभाई मिस्त्री. १९३७ च्या एका सिनेमात अदृश्य माणूस दाखवायचा होता, तर काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्यानं वस्तू हलवून त्यांनी ती किमया केली. लोक त्यांना ‘काला धागा’ म्हणायला लागले. घरात काळं कापड आणि शिवणाचा दोरा असेलच. एका रविवारी तुम्ही आणि नात मिळून चमचा हवेत चालवून बघा. मोबाइलवर शूटिंग ती करेल. सिनेमा बघण्याइतकीच मजा त्यात आहे.

रात्री उशिरा बघत असाल तर आवाज कमी ठेवून खालच्या अक्षरांवर बघा, मुलाला-सुनेला सकाळी गाडी पकडायची असेल. पुस्तक वाचून झाल्या झाल्या त्याचाच सिनेमा मी तरी लावत नाही. आपल्या मनात उभे राहिलेले चेहरे पडद्यावरच्या चेहऱ्यांपुढे पुसून जातात. महिनाभर जाऊ दे मध्ये. वाचायला उजेड चांगला घ्या आणि वर्षभरात डोळे तपासले नसतील तर तपासून या. आणखी एक. नात सातवीत आहे. दोन-तीन वर्षांत शनिवारी तिला मैत्रिणींकडे जावंसं वाटेल, आजोबांबरोबर सिनेमा नको होईल. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, तिला अडवू नका. हा आनंद तिच्या नावानं सुरू झाला, पण तो आता तुमचा आहे. ती नसतानाही खुर्चीत बसून वाचता यायला हवं.

पुस्तकांसाठी खर्च फार करू नका. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून उभं आहे. तिथे चौकशी करा, नारायण धारप सापडतील, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न सापडेल. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या बाजूला आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात. तो रस्ता तुम्हाला मी काय सांगणार! नातीला घेऊन जा, तिला इंग्रजी काढू द्या, तुम्ही मराठी शोधा. आणि दिवाळी आली की ‘नवल’ बघा. अनंत अंतरकरांनी तो अशाच अद्भुताच्या, गूढाच्या आवडीच्या माणसांसाठी काढला.

मुलाला एकदाच सांगा, तेही शांतपणे, की लोक हसले तर मला चालतं. तो वाईट नाही. बाप घरात बसलेला बघून त्याला कदाचित धास्ती वाटत असेल की बाबा थकले, खचले. तुम्ही काय वाचताय, त्यात काय घडतंय, हे जेवताना दोन वाक्यांत सांगत जा. डोळ्यांतली चमक बघून त्याची धास्ती जाईल. कट्टा सोडू नका, आठवड्यातून दोनदा जा. तिथे पेन्शन, शुगर आणि रिडेव्हलपमेंट याखेरीज चौथा विषय निघाला तर त्या मंडळींनाही हवाच असेल.

आणि ते वर्तमानपत्राचं कव्हर. पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते तेच. कुणाचं काही चोरलेलं नाही, कुणाचं काही बुडवलेलं नाही, तरी स्वतःच्या घरात स्वतःच्या खुर्चीवर बसून माणूस आपला आनंद कागदात गुंडाळून ठेवतो. लपवलं की घरच्यांनाही वाटतं, यात लपवण्यासारखं काहीतरी असणार. वहिनींना कव्हर दिसत नसेल असं तुम्हाला वाटतं का? त्या एका कागदामुळे त्यांची विचारायची वाटसुद्धा बंद होते. आजच काढा ते. पुस्तक खिडकीत ठेवा, मुखपृष्ठ वर करून, जे काय पंखवालं चित्र असेल ते सगळ्यांना दिसू दे. काढलेला कागद टाकू नका. जमिनीवर पसरा, त्यावर मेथीची जुडी सोडा, आणि पानं खुडता खुडता वहिनींना सांगायला लागा, काल रात्री तुम्ही कुठवर आला होतात ते.